सिंगापूर ते जकार्ता, व्हाया लोणंद

दोन गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगणं हे आमच्या लोणंद भागात शिष्टपणाचं समजलं जातं. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला "पाडेगाव किती लांब?" म्हणून विचारा. तो मैलाच्या दगडाकडे बोट दाखवणार नाही. "हे काय, तंबाखू मळून हुईस्तवर याल की," असं सांगेल. गाव जरा लांबचं असेल तर "हितनं निघाला की जेवायला तितं." आणि फारच लांब असेल तर नुसतंच आभाळाकडे बघून "मुक्काम पडंल" म्हणेल. यात तंबाखू ज्याची त्याची, मळण्याची तऱ्हा ज्याची त्याची आणि भूकही ज्याची त्याची, त्यामुळे हिशेबात थोडी घट-वाढ होते. पण आमच्या बँकेतल्या कॅशच्या हिशेबात तरी ती कुठं होत नाही?

ही रीत फार जुनी आहे. पेशवाईत कोस होता, नाही असं नाही. पण कोसाची लांबी मुलखागणिक बदलायची आणि चालणाऱ्याच्या दमाप्रमाणेही. कारभाऱ्याला कोसांशी कर्तव्य नसे. पत्र किती दिवसांत पोचलं, एवढाच त्याचा प्रश्न. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला संपली आणि नानासाहेब पेशव्यांना ती बातमी नर्मदेपलीकडे, भेलशाच्या मुक्कामात कळली ती दहाएक दिवसांनी. पानिपत ते भेलसे किती कोस हे तेव्हा कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. ते अंतर दहा दिवसांचं होतं, आणि ते दहा दिवस काय असतील याची कल्पना ज्यांच्या घरचं कुणी लांब गेलं आहे त्यांनाच येईल.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते ती आमच्या लोणंदला मुक्कामाला. मी एकदा नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. आळंदी ते पंढरपूर सरळ रेषेत १९० किलोमीटरसुद्धा भरत नाही. विमानाला ही वीस मिनिटांची बाब. पालखी मात्र सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असं फिरत फिरत, अडीच आठवडे घेऊन जाते. वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी थांबून घोडासुद्धा पळवते, आणि तरी आषाढी चुकवत नाही. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, ती पुढं एकाही विमान कंपनीला जमलेली नाही. 'तांत्रिक कारणामुळे पालखी चार तास उशिरा' अशी घोषणा लोणंदच्या माळावर मी अजून ऐकलेली नाही.

आता एवढं सगळं असताना आमच्या लोणंदमध्ये सिंगापूर ते जकार्ता या अंतराची चर्चा का व्हावी?

तर ती झाली आमच्या शाखेच्या एका खातेदारामुळे. हे गृहस्थ कांद्याचे आडतदार. लोणंदचा कांदा बाजार तुम्हांला ठाऊक असेलच. नसला तरी तुमच्या डोळ्यांना तो कधीतरी भेटलेला असणार. या आडतदारांची मुलगी लग्न होऊन सिंगापूरला गेली. जावई तिथल्या एका कंपनीत हिशेबतपासनीस आणि कंपनीची दुसरी कचेरी जकार्ताला, त्यामुळे दर पंधरवड्याला त्यांची एक फेरी ठरलेली. विमान सुटताना जावईबापू सासूबाईंना फोन करतात, उतरल्यावर पुन्हा करतात. मधल्या वेळात सासूबाई फोनसमोर जपमाळ घेऊन बसतात.

एके दिवशी आडतदार स्लिप भरता भरता थांबले आणि काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, येक इचारू का? जावई सिंगापुरास्नं धाला निघत्यात आन् जकार्तात उतरत्यात धा पन्नासला. पन्नास मिनिटं. बरूबर? माघारी यीताना जकार्तात्नं धालाच निघालं, तर सिंगापुरात पोचत्यात येकला धा कमी आसताना. मंजी दोन तास पन्नास मिनिटं. इमान त्येच, मानूस त्येच. मधी काय खंबाटकीसारखा घाट लागतोय का?"

हळू आवाजात म्हणाले असं मी लिहिलं खरं, पण कांद्याच्या लिलावात तयार झालेला गळा तो. रांगेतल्या सतरा जणांनी प्रश्न ऐकला आणि सतरा जणांनी उत्तर दिलं. एकाच्या मते जाताना वारं पाठीमागून आणि येताना समोरून. एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांनी येताना विमान जास्त थांबे घेत असणार असं ठाम सांगितलं. एक माजी मुख्याध्यापक होते. त्यांनी पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, सबब विमानानं नुसतं वर जाऊन थांबायचं की जकार्ता आपोआप खाली येतं, अशी उपपत्ती मांडली आणि टोपी सारखी केली. अर्धा तास व्यवहार ठप्प. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. ते गर्दी पांगवायला आले असावेत असं मला वाटलं, पण त्यांनीही वाऱ्याच्या बाजूनं मत दिलं.

आडतदार मात्र हसत नव्हते. "मंडळी जाताना घटकाभर जप करत्याती," ते म्हणाले, "आन् यीताना तीन तास. दर बारीला दीड तास झाला की रडाया लागत्याती. इमानाचं कायतरी झालंच म्हंत्यात. त्यास्नी काय सांगू?"

मी बी.कॉम. आहे. भूगोलाशी माझे संबंध दहावीच्या परीक्षेनंतर संपले, ते दोन्ही पक्षांच्या संमतीनं. पण प्रश्न रडणाऱ्या माणसाचा होता, आणि शिवाय तो आकड्यांचाही होता. रात्री मुलीचा शालेय नकाशासंग्रह काढून बसलो आणि पहिलाच धक्का बसला. जकार्ता सिंगापूरच्या पूर्वेला आहे! सूर्य आधी जकार्ताला उगवायचा आणि मग सिंगापूरला. म्हणजे घड्याळ जकार्ताचं पुढं पाहिजे. तर ते तासभर मागं! सिंगापूर ग्रिनिचच्या आठ तास पुढं, जकार्ता सात. आडतदारांची मुलगी आईला फोनवर सांगते की इथं सकाळी सात वाजेपर्यंत अंधार असतो. ती काही आळसामुळे तसं सांगत नाही. तिथलं घड्याळच सूर्याच्या पुढं धावतं.

याला कारण इतिहास. सिंगापूर आणि मलाया यांच्या घड्याळाइतकं काटे फिरवून घेतलेलं घड्याळ क्वचित सापडेल. आधी ते ग्रिनिचच्या सात तास पुढं होतं. १९३३ साली वीस मिनिटं वाढवली. १९४१ साली आणखी दहा. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि जपान्यांनी राजवटीबरोबर टोकियोची वेळही आणली: एकदम दीड तास पुढं. १९४५ साली जपानी गेले, दीड तास परत मिळाला. (युद्धात गेलेल्या गोष्टींपैकी परत मिळालेली ही एकच असावी.) मग १ जानेवारी १९८२ ला मलेशियानं आपल्या पूर्व आणि पश्चिम भागांची वेळ एक करायची ठरवली, सिंगापूरनं शेजारधर्म पाळला आणि घड्याळ अर्धा तास पुढं सरकलं. ते अजून तिथंच आहे. आपल्याहून अडीच तास पुढं.

आपण हसायचं कारण नाही. आमच्या लोणंदला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मीटरगेज आगगाडी आली तेव्हा हिंदुस्थानातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. लोणंदचा सूर्य मद्रासच्या सूर्याच्या २४ मिनिटं मागं. म्हणजे गावात बारा वाजलेले असताना स्टेशनात बारा चोवीस. गाडी चुकलेला लोणंदकर "मी वेळेवर आलो होतो" असं म्हणाला तर तो खरंच बोलत असणार. आणि मुंबईची गोष्ट तर त्याहून न्यारी. १९०६ साली सरकारनं सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढं. मुंबईकर खवळले. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी दंगा केला, कारण ३९ मिनिटं लवकर उठायचं तर मजुरी कोण वाढवणार? 'मुंबई टाइम' मग हट्टानं चालूच राहिला, तो थेट १९५५ पर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षं मुंबईत माणूस रेल्वेच्या घड्याळाखालून निघून दहा मिनिटं चालत गेला, की निघण्याच्या २९ मिनिटं आधी पोचत असे. जकार्ताच्या जावयाला जे विमानात बसून साधतं ते गिरगावकरांना चपला घालून साधत होतं.

पन्नास मिनिटं आणि दोन तास पन्नास मिनिटं यांची सरासरी काढा. एक तास पन्नास. खरा प्रवास तेवढाच, जातानाही आणि येतानाही. आता सिंगापूर ते जकार्ता हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर. जेट विमान ताशी आठशेच्या वेगानं धरलं तरी हिशेब एक तास सहा मिनिटांचा होतो. मग उरलेली ४४ मिनिटं कोणत्या खात्यावर? आमच्याकडे असा न जुळणारा आकडा सस्पेन्स अकाउंटला टाकतात आणि ऑडिटर येईपर्यंत सगळे सुखानं झोपतात. विमान कंपन्यांचंही तसंच खातं असतं. विमानाच्या चाकांखालच्या अडणी काढल्यापासून ते दुसऱ्या गावी पुन्हा लावेपर्यंतचा सगळा वेळ त्या प्रवासात धरतात. धावपट्टीपर्यंत रांगेनं सरकणं, वर चढताना आणि खाली येताना मंदावणारा वेग, उतरायच्या आधी 'जागा नाही, जरा फिरून या' म्हणून मारलेल्या घिरट्या, आणि एवढं करून वर थोडी शिल्लक, कारण शिल्लक असली की 'वेळेवर पोचलो' असं म्हणता येतं. हवेतली सरळ रेषा ही कागदावरच सरळ.

१९३० साली याच मार्गावर डच कंपनीची विमानं चालू झाली. जकार्ताला तेव्हा बटाव्हिया म्हणत. मध्ये पालेंबांगला उतरावं लागे आणि पंखेवाल्या विमानाला सकाळची दुपार होई. डच लोक आपलं टपाल त्याच सुमारास अ‍ॅमस्टरडॅमपासून बटाव्हियापर्यंत नेऊ लागले होते. इंग्रज लंडनहून कराचीपर्यंत आणत होते. या दोन्ही वाटा हिंदुस्थानच्या डोक्यावरून, उत्तरेकडून, कलकत्त्यामार्गे पूर्वेला जात. मुंबई बाजूलाच पडली! लंडनचं पत्र विमानानं कराचीला यायचं आणि तिथून पुढं मुंबईला आगगाडीच्या डब्यात बसून.

इथं आपल्या गोष्टीत जे. आर. डी. टाटा येतात. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ते कराचीहून पुस मॉथ जातीचं एक इंजिनाचं चिमुकलं विमान घेऊन एकटेच निघाले. बरोबर माल ५५ पौंड टपाल. ५५ पौंड म्हणजे पंचवीस किलो, आमच्या भाषेत कांद्याची अर्धी गोणी. अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरले, तर पेट्रोल आलं बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला. हजार किलोमीटरला थोडी जास्त अशी ही वाट सव्वासात तासांत झाली. जुहूहून पुढं ते टपाल घेऊन त्यांचे भागीदार वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट निघाले. रात्री बेल्लारीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी मद्रास. मुक्काम पडंल, म्हणतात ते हेच.

आता माझी पट्टी पुन्हा बाहेर काढतो. जुहू ते बेल्लारी अशी सरळ रेघ ओढली तर ती आमच्या जिल्ह्यात वाई आणि लोणंद यांच्यामधून जाते. मी रेघ तीनदा ओढली; बायकोनं "आता पुरे" म्हणेपर्यंत. पुस मॉथचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, तेव्हा त्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास, वैमानिकानं फारसं इकडंतिकडं केलं नसेल तर, टाटांचं हे पहिलं हवाई टपाल लोणंदच्या पश्चिमेकडून घरघरत गेलं असणार. खाली कुणीतरी बाजरीच्या कणसांवर बसलेली पाखरं हाकत असेल. त्यानं वर पाहिलं असेल आणि "पाऊस न्हाई, मग ह्यो गडगडाट कसला" म्हणून पुन्हा गोफण उचलली असेल. त्याची नोंद कुठं नाही, ही माझी आपली कल्पना. पण रेघ पक्की आहे.

पुढची गंमत ऐका. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. मग कंपनी आपला सगळा संसार उचलून पुण्याला यायची. संसार म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. पुण्यात विमानतळ म्हणून मिळालं ते येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतलं मैदान. त्याच तुरुंगात १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला होता. पुण्याहून बेल्लारीकडे रेघ ओढली तर ती लोणंद आणि फलटण यांच्यामधून, तरडगावच्या आसपास जाते. म्हणजे लोणंद ते फलटण हा पट्टा विमानानं आडवा ओलांडण्याची सोय गेल्या शतकाच्या तिशीत झालेली होती. पुण्याहून लोणंदमार्गे फलटणला थेट आगगाडी कधी पोचली? ३० मार्च २०२१ ला.

टाटांच्या पहिल्या वर्षाचा ताळेबंद मला तोंडपाठ आहे, कारण तो वाचताना डोळे निवतात. विमानं उडाली १ लाख ६० हजार मैल. प्रवासी किती? १५५. नफा ६० हजार रुपये. प्रवाशांवर फायदा होत नाही, टपालावर होतो, हे त्या काळात स्पष्ट होतं. टपालाची गोणी चहा मागत नाही आणि खिडकीची जागाही मागत नाही.

या टपालाशी आम्हां बँकवाल्यांचं नातं रक्ताचं. मी नोकरीला लागलो तेव्हा निवृत्तीला आलेले एक हेडक्लार्क होते. त्यांना तारुण्यातली प्रेमपत्रं आठवत नसत, पण नागपूरचं रात्रीचं विमान आठवायचं. ही योजना ३० जानेवारी १९४९ ला सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. चौघं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला भेटायची, आपापल्या गोण्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या घरी. नागपूरच का, तर नागपूरपासून ही चारही शहरं सातशे ते हजार किलोमीटरच्या आत. सगळ्यांना सारखाच त्रास, हे तत्त्व आमच्या बदल्यांच्या धोरणात कधी आलं नाही, पण टपालखात्याला ते सुचलं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यानं संध्याकाळी टाकलेलं ड्राफ्टचं पाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत! आमचे हेडक्लार्क सांगत, "तोवर पैसे वाटेत आहेत असं म्हणून चार दिवस काढता यायचे. त्या विमानानं आमचा श्वास घ्यायचा वेळच नेला." पैसे वाटेत असण्याला आमच्याकडे 'इन ट्रान्झिट' म्हणतात. नोंद इकडून झालेली असते, तिकडं अजून झालेली नसते, आणि मधल्या वेळात ती रक्कम कुणाचीच नसते.

हा शब्द मी आडतदारांच्या घरी वापरला नाही, आणि आता जी हकीकत सांगतो तीही सांगितली नाही.

११ एप्रिल १९५५. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. हवाई अंतर सव्वातीन हजार किलोमीटर. बांडुंगला आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद भरायची होती, तिला निघालेले चिनी शिष्टमंडळातले लोक आणि काही पत्रकार असे अकरा प्रवासी, आणि आठ कर्मचारी. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय याच विमानानं जाणार अशी समजूत होती. ते या विमानात नव्हते. कर्मचाऱ्यांची नावं वाचली की आपल्या चाळीतल्या दारांवरच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. कॅप्टन जटार. सहवैमानिक दीक्षित. नॅव्हिगेटर पाठक. इंजिनिअर कर्णिक. हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी.

पाच तास सगळं सुरळीत होतं. मग अठरा हजार फुटांवर स्फोट झाला. हाँगकाँगला विमान उभं असताना कुणीतरी टाइमबाँब ठेवला होता, हे पुढं चौकशीत निघालं. पंखाला आग लागली, धूर आत आला. जकार्ता अजून हजारभर किलोमीटर होतं. जटारांनी विमान नातुना बेटांच्या बाजूला समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं वाटली गेली. विमान पाण्यावर आदळून फुटलं. एकोणीस जणांपैकी तिघं वाचले: दीक्षित, पाठक आणि कर्णिक. जटार आणि ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर आणि वाचलेल्या तिघांना सरकारनं अशोकचक्र मालिकेतली पदकं दिली. कर्णिकांनी पुढं या प्रवासावर पुस्तक लिहिलं. विमानाच्या नावाचंच.

ज्या वर्षी मुंबईचा हट्टी 'मुंबई टाइम' बंद झाला ते हेच वर्ष. आणि आमच्या जिल्ह्यात, कऱ्हाडला, कोयना प्रकल्पासाठी धावपट्टी झाली तेही हेच. तारखांची मला खोड आहे म्हणून लिहिलं. पण जकार्ताच्या विमानतळावर त्या दिवशी जे घड्याळ बघत उभे असतील, आणि इकडं ज्या घरांत 'पोचले असतील आता' असं कुणी म्हणालं असेल, त्यांच्यापैकी कुणाला किलोमीटर ठाऊक होते असं मला वाटत नाही. वेळ ठाऊक होती.

टाटांनी पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची ते मुंबई ही फेरी जुन्या पद्धतीच्या लहान विमानातून पुन्हा एकट्यानं केली. मी तेव्हा रांगत होतो, त्यामुळे माझा सल्ला कुणी विचारला नाही. नाहीतर या वयात एकट्यानं एस.टी.नंसुद्धा जाऊ नये असंच मी सांगितलं असतं.

आडतदारांकडे मी रविवारी सकाळी गेलो. चहा झाला. सासूबाई दाराआड उभ्या होत्या. मी बँकेच्या कॅलेंडरच्या पाठीमागं सिंगापूर आणि जकार्ता अशी दोन घड्याळं काढली, लाल शाईनं काटे दाखवले आणि सांगितलं की जाताना आणि येताना वेळ तेवढाच लागतो, एक तास पन्नास मिनिटं. वाटेत घाट नाही. घिरट्या मारल्या तर वीस मिनिटं वर, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सासूबाईंनी कॅलेंडर हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि पहिल्यांदाच बोलल्या, "मंजी आपल्या घड्याळात किती बघायचं?"

हा प्रश्न सतरा खातेदारांना, मॅनेजरला आणि मला सुचला नव्हता. आपल्या घड्याळात एक तास पन्नास मिनिटं. सिंगापूर, जकार्ता, टोकियो, मद्रास, कुणाचंही घड्याळ मध्ये आणायचं कारणच नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मंजी लोणंदास्नं साताऱ्याला पाशिंजरनं जाया लागतो तेवडाच की." आणि आडतदारांकडे वळून, "आवं, त्येंना पोहं तरी करू द्या की, बसवून घ्या."

पोहे चांगले होते. आडतदारांनी निघताना मला दारापर्यंत सोडलं आणि खिशातून एक कागद काढला. धाकट्या भावाचा मुलगा दुबईला लागलाय म्हणाले. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं कसं, ते जरा बघून ठेवा.